उरलेला बूट

लिफ्टवाल्याचा डावा पाय कामावर असताना लिफ्टमध्येच सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. पाय गेला, पण करंगळीचं ठणकणं काही गेलं नाही. "नसलेल्या पायाला बूट चावतोय," असं तो म्हणाला की बायको उठून आत जायची. त्या दिवशी पायात होते ते नवे बूट तिनेच सेलमधून आणलेले, एक नंबर लहान. वर म्हणाली होती, "घालून घालून सैल होतात हो."

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी उपाय सांगितला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा, उजवा पाय हलवायचा आणि आरशात बघायचं. मेंदूला वाटतं, डावा पाय जागेवरच आहे, आणि दुखणं उतरतं. बायकोने कपाटाचा आरसा काढून दिला. यानं रोज आरशासमोर बोटं नाचवली, पण करंगळीचं रडगाणं चालूच.

"मेंदू काय येडा आहे का," तो वैतागला. "त्याला माहितीये, बूट अजून पायातच आहे."

बायको तडक उठली. माळ्यावरून उरलेला उजवा बूट काढला, त्याच्या पायात कोंबला आणि नाडी करकचून बांधली. "अहो, मान वळवायची नाही. आरशातच बघा."

मग तिने हळूच नाडी सोडली आणि बूट ओढून काढला. आरशातला डावा बूटही निघाला. लिफ्टवाल्याने एवढा मोठा श्वास सोडला की आरसा धुरकटला.

"थांबलं?" तिने घाबरतच विचारलं.

"थांबलं गं."



"मग? म्हटलं होतं ना, सैल होतात."