कोऱ्या रकान्यातले बाबा

स्मृती-संग्रहातला जुना डेटाबेस येत्या शुक्रवारी बंद व्हायचा होता, म्हणून त्यात साठवलेले, विचारलं की बोलणारे अकरा हजार दिवंगत दोन नव्या डेटाबेसमध्ये हलवायचे होते. चाचणी वृषाली कारखानीसकडे होती. तिने स्वतःच्याच वडिलांची नोंद घेतली. परक्याच्या वडिलांना सारखं उठवणं तिला बरं वाटेना.

तिने तिन्हीकडे एकच प्रश्न टाकला. "बाबा, मी न सांगता लग्न केलं, त्याचा अजून राग आहे?"

जुन्यातले बाबा हयातीत बसायचे तसेच गप्प बसले. दुसऱ्यातले खाकरून म्हणाले, "नाही गं, राग कसला?" तिसऱ्यातले तसेच खाकरून म्हणाले, "आहे."

तिने नोंद उघडली. जुन्यात रागाचा रकाना कोरा होता; नव्या दोन्हींनी तो आपापल्या मनाने भरला होता. बाबांना दाखल करताना तिनेच तो सोडला होता. खिडकीतले कारकून म्हणाले होते, "माहीत नसेल तर राहू द्या, आपोआप भरलं जातं."

"दोन्हीकडे एकच काहीतरी घाला," तिचे वरिष्ठ देवस्थळी साहेब म्हणाले.

"कोरंच ठेवलं तर?"

"गप्प बसणाऱ्या वडिलांना भेटायला कोण येईल, बाई? 'नाही' घाला. लोक डोळे पुसत, समाधानाने घरी जातात."

वृषालीने 'नाही' घातलं आणि पुन्हा विचारलं. दोन्ही नवे बाबा एकदम खाकरले आणि एकदम म्हणाले, "नाही गं, राग कसला?"

तिने अहवालात 'पास' लिहिलं. मग खुर्ची ओढून ती जुन्या बाबांसमोर जाऊन बसली. ते अजून विचार करत होते.