डोलणाऱ्या माना

“हळू बोल गं, इथे काय लूम चालू आहेत?” शाळेतल्या बाई म्हणायच्या. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला माझा आवाज तेव्हा जो बसला, तो वडपे गावातल्या गोडाऊनची प्रोजेक्ट लीडर झाले तरी उठेना.

पहिल्याच आठवड्यात ‘मला नाही झेपणार’ असं साहेबांना सांगणार होते. पण रोज सकाळी मी कामं सांगितली की सगळे हमाल माना डोलवायचे. म्हटलं, आपलं पटतंय यांना. भाताच्या लोंबीसारखा माझा धीर भरत गेला आणि आज मी चक्क गरजले, “अय्यूबचाचा, आधी दोन नंबरची गाडी भरा.”



मुकादम अय्यूबचाचा हसले. “आज ऐकू आलं, बेटा. इतके दिवस नुसत्या माना हलवत होतो. म्हटलं, पोर नवी हाय, घाबरेल.”