अहो, हळू!

गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तशी बायको नवऱ्यावर घसरलीच. "रोज शेजारी बसून कानीकपाळी ओरडते, अहो, हळू! ऐकाल तर शपथ!"

गॅरेजमध्ये मेकॅनिकने गाडीला स्कॅनर जोडला. "एक प्लग गेलाय. बिघाडाची नोंद झाली तेव्हा गाडी एकशे तीसवर होती."

"बघा! एकशे तीस!"

"काल दुपारी," मेकॅनिकने पुढचं वाचलं.

नवऱ्याने सुजलेल्या गालावर हात ठेवला. "काल दुपारी तर मी दाढ काढून घरी झोपलो होतो. गाडी घेऊन बहिणीकडे तू गेली होतीस."

बायको एकदम मेकॅनिकने काढलेला जुना प्लग निरखण्यात गुंग झाली.

नवा प्लग बसला, दिवा विझला. परतताना नवऱ्याने मुद्दाम तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मग शेजारून हळूच आवाज आला, "अहो, रस्ता मोकळाय. दाबा की जरा!"