बोगदा जरा लांब आहे

कालवा कंपनीचा तपासनीस वाकून दारातून आत आला, तेव्हा केझायाने छपरालगतच्या, बापाच्या निजायच्या फळीपुढचा पडदा नुकताच ओढला होता. "बा, झोपायचं नाही," असं तिने त्याला दोनदा बजावलं होतं. पण पोटात डुकराचं मांस आणि त्यावर बिअर गेल्यावर म्हाताऱ्या जेबेझचं काय खरं?

इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्यातल्या कालव्यावरचं हे घर पूल बांधणाऱ्या गवंड्यांनी बांधलेलं. त्यांना कमानीपलीकडे काही येत नसावं, म्हणून छपराच्या जागीही कमानच घातलेली. शेजारणी हसायच्या. जेबेझ मात्र खूश होता. उभा जन्म त्याने बोगद्यांतून नावा नेल्या होत्या. काठावरून नाव ओढणारा घोडा आत जात नाही, तेव्हा नावेवर उताणं पडायचं, बूट वरच्या कमानीला लावायचे आणि चालत सुटायचं.

कंपनीच्या नियमाने घर कालव्याचे पाणी अडवणारे दरवाजे राखणाऱ्याचं आणि त्याच्या बायकोपोरांचं. आणखी कुणी राहताना सापडलं, तर सगळ्यांची उचलबांगडी. केझायाचा नवरा बाहेर त्या दरवाज्यांवर कामाला होता आणि साहेबाला सांभाळायला आत ती एकटीच.

तपासनिसाने चूल पाहिली, भिंतीची ओल पाहिली. इतक्यात वरून आवाज आला. टप. टप. टप.

"वर कोण चालतंय?"

"वर आभाळ आहे, साहेब," केझाया म्हणाली. तसं ते खोटं नव्हतं.

त्याने काठीने पडदा सारला. जेबेझ उताणा घोरत होता आणि त्याचे खिळ्यांचे बूट कमानीवर संथपणे चालत होते. पांढऱ्या चुन्यावर पावलांच्या ठशांचा काळा थर साचला होता. सगळे चवडे दाराकडे.

"म्हातारबा, इथं राहता का?"

केझायाने डोळे मिटले. आता बापाची रवानगी निराधारांच्या गरीबखान्यात.

जेबेझने एक डोळा उघडला. "राहतो कुठं? जातोय की."

तपासनीस विचारात पडला. माणूस नियमाचा पक्का होता, आणि वाटेवरच्या नावाड्याला घटकाभर टेकू द्यायला नियमाची हरकत नव्हती.

"कधीपासून जाताय?"

"नाताळापासून. बोगदा जरा लांब आहे."

बाहेर सफरचंदं पिकायला आली होती. तपासनिसाने त्या काळ्या थराकडे बराच वेळ पाहिलं, टोपी चढवली आणि दारात पुन्हा वाकला.

"बाई, बोगदा संपला की मला कळवा."

केझायाने पडदा पुन्हा ओढला. वर पावलं पुन्हा चालू लागली होती.