पडद्यावरचा डाग

महेश्वरनं भिंतभर ओएलईडी टीव्हीला कॉम्प्युटर जोडून गेम सुरू केले, आणि महिन्याभरात पडद्याच्या कोपऱ्यात एक डाग उमटला. मांडी घालून शेंगा फोडणाऱ्या बाईसारखा.

त्याची आई, अव्वा, रोज टीव्हीसमोर तशीच बसायची, लेकाचं नाव ओवीत ओवत.

"मालक, एकच चित्र लई वेळ राहिलं की डाग बसतोय," दुकानदार फोनवर म्हणाला. "सेटिंगमधनं पडदा साफ करा."

पहिल्या सफाईत डागाचे हात पुसले गेले. त्या दुपारी अव्वाच्या हातातून शेंगा गळाल्या. "म्हेशा, ही बोटं माझी न्हाईत बघ," ती म्हणाली.

दुसऱ्या सफाईत डागाचं तोंड गेलं. अव्वाची ओवी अर्ध्या ओळीवर थांबली, ती कायमची.

आता डागात दोन डोळे तेवढे स्पष्ट उरले होते. पण गेमची स्पर्धा उद्यावर आली होती, आणि त्या डोळ्यांमागं लपलेला शत्रू महेश्वरला दिसत नव्हता.

अव्वा नजरेनंच विनवत होती. त्यानं तिच्या केसांवरून मायेनं हात फिरवला.

"करू का, अव्वा? नको असंल तर तसं सांग की."

तो क्षणभर थांबला. मग त्यानं बटण दाबलं.