जबड्यातला पूल

"सुई नको, डॉक्टर. दात तसाच उपटा."

"इंजिनिअरबाई, दात आहे हा, बोल्ट नव्हे," डॉक्टर कुर्लेकर म्हणाले. "तासभर पूल बंद ठेवा की."

मृदुला घोरपडेने नकारार्थी मान हलवली. पुलाचा ताण कळवणारी तार इंजिनिअरचा परवाना देतानाच तिच्या जबड्यात बसवली होती. जबडा बधिर करायचा तर नियमाने आधी पूल बंद करायचा, आणि पुलापलीकडची दहावीची पोरं तर आत्ताच पेपरला निघालेली.

डॉक्टरांनी चिमटा लावला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि नेमकी तेव्हाच पोरांनी खच्चून भरलेली बस या गालाकडून त्या गालाकडे गेली.

"फार दुखलं का?"

"दात दुखला," रक्त थुंकून ती म्हणाली. "पूल ठणठणीत आहे."