शेवटच्या रांगेचं मत

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वर्षी ठाण्यातल्या मुलींच्या शाळेत इतिहासाच्या बाईंनी वर्गातच जुन्या अमेरिकेतली निवडणूक मांडली. तिथे काही राज्यांत प्रत्येक विभाग आपला प्रतिनिधी निवडायचा आणि प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष ठरवायचे. इथे चार रांगांनी चौघी निवडायच्या, चौघींनी मॉनिटर. “बाई, चौघींना सगळ्या वर्गानेच निवडूया,” वर्गात सगळ्यात जास्त मैत्रिणी असलेली कुमुद म्हणाली. “मग चौघी तुझ्याच बाजूच्या होतील,” बाई म्हणाल्या. शेवटच्या रांगेतल्या मिठागरांकडच्या मुलींनी सगुणाला निवडलं. आगरी बोलीला सगळ्या हसतात म्हणून ती गप्पच असे. बाकीच्या तिघींची मतं कुमुदला गेली. “आमचा मत शेवंतीला हाय,” सगुणा पुटपुटली. कुणीतरी फिसकन हसलं. तरी सगुणाने तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं. कुमुद जिंकली, पण फळ्यावर शेवंतीचंही नाव लागलं. “शेवंती तुमच्यातली कोण गं?” कुमुदने विचारलं. सगुणाने सांगायच्या आत शेवटच्या रांगेतून शेवंतीच उभी राहिली.